नागव्वांचा आवाज निर्यात होतो

चिंचोळी एमआयडीसीकडे निघालेल्या गाडीत संगमेशला नुकती डुलकी लागली होती, तेवढ्यात त्याची आई त्याच्यावर ओरडली.

"आरं, उजवीकडं वळ की! डोळं काय घरी ठिवून आलाईस?"

"वळतो की अव्वा," संगमेश झोपेतच म्हणाला आणि दचकून उठला. गाडीत आई नव्हती. पुढे मौलाली ड्रायव्हर होता आणि मागे टॉवेल फॅक्टरीतले दोन सहकारी त्याच्याकडे बघून हसत होते. आईला तर तो जुळे सोलापुरातल्या घरी, ओट्याशी भाकऱ्या थापताना सोडून आला होता.

त्याला वाटलं, स्वप्न पडलं. रस्ता खोदल्यामुळे मौलालीनं गाडी दुसऱ्या गल्लीत घातली आणि आई पुन्हा बोलली. "चुकलास? चूक की. बापाच्या वळणावर गेलाईस, दुसरं काय."

आवाज मौलालीच्या मोबाइलमधून येत होता. काचेला चिकटवलेल्या त्या मोबाइलवर नकाशा चालू होता आणि नकाशातून नागव्वा बोलत होत्या. तोच खणखणीत आवाज, तोच शेवटचा हेल.

"मौलाली, हे काय हाय?" संगमेशनं विचारलं.

"नवीन आवाज आलाय साहेब. 'सोलापुरी आई' म्हणून. आख्ख्या स्टँडवर सगळ्यांनी हेच लावलंय. पहिली बाई 'कृपया वळा' म्हणायची, झोप यायची बघा. ही बाई झोपू देत न्हाय. कोण हाय काय म्हाईत, पण लई खमकी दिसती."

बाळे गावाच्या पुढे मौलालीनं वेग वाढवला तेव्हा संगमेशच्या आईनं त्याला विचारलं, "हळू की! तुझ्या सासऱ्यानं रस्ता आंदण दिलाय काय?" मागचे दोघे पोट धरून हसले. संगमेश खिडकीबाहेर बघत बसला. फॅक्टरीच्या दारात गाडी थांबली आणि आई मऊ आवाजात म्हणाली, "पोचलास बाबा. जेवलास काय?" हे ऐकून तर त्याच्या अंगावर काटाच आला. कारण हे वाक्य ती रोज फोनवर फक्त त्याला विचारत असे.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यानं स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे बोट दाखवलं. "अव्वा, ह्याच्याशी तू काय काय बोललीस?"

फडताळावर 'सखी' होती. बोलायचं आणि ऐकायचं काम करणारा, लोट्याएवढा गोल डबा. गेल्या दिवाळीला फॅक्टरीनं सगळ्यांना भेट दिला होता. नागव्वांना सकाळी कन्नड भक्तीची वचनं ऐकायला बरं म्हणून संगमेशनं तो आईच्या ओट्याजवळ ठेवला. पण सखीला नागव्वांचं बोलणं कळत नसे. वचन लाव म्हटलं की ती बचत खात्याची माहिती सांगायची. मग नागव्वा तिला शिव्या द्यायच्या, आणि शिव्या देऊन झाल्यावर, समोर कोणीतरी ऐकतंय म्हणून, मनातलं सगळं बोलायच्या. वर्षभर हे चाललं होतं.

"मी कशाला बोलू त्या डबड्याशी?" नागव्वा म्हणाल्या. "एखाद वेळी चार शब्द बोलले आसन."

संगमेशनं स्वतःच्या मोबाइलवर नकाशा उघडला, 'सोलापुरी आई' निवडली आणि घरापासून सात रस्त्याचा मार्ग लावला. नागव्वांचे वडीलकीला शोभणारे डोळे लहान मुलासारखे विस्फारले.

"अय्यो शिवा! ही तर मी हाय!"

"मौलालीच्या गाडीत हीच बोलती, आन् आख्ख्या स्टँडवर बी हीच लावलीय," संगमेश म्हणाला.

तेवढ्यात नकाशावर रस्त्याचा एक तुकडा लाल झाला. पुढे गर्दी होती. मोबाइलमधल्या नागव्वा म्हणाल्या, "थांब आता. महेश्वरीचं आवरल्याबिगर हितं कोण हालत न्हाय."

महेश्वरी, म्हणजे संगमेशची बायको, भाजी निवडत होती. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "आत्ती, हे तुमी सगळ्या सोलापूरला सांगितलंय?"

"मी डबड्याला सांगितल्तं!" खऱ्या नागव्वा ओरडल्या.

"म्हंजे तुमी म्हणला तर होता."

"आगं, त्या दिवशी अक्कलकोटला निघालो होतो, तू साडी बदलत होतीस..."

"मौलालीच्या गाडीत आता रोज म्हणणार ती हे?" महेश्वरीनं नवऱ्याला विचारलं. "रोज? आसरा चौकातल्या गर्दीत?"

संगमेश खोटं बोलू शकला असता, पण धक्क्यातून तो अजून सावरला नव्हता. त्यानं मान हलवली.

मधल्या मारुतीजवळचं किराणा दुकान बंद करून सिद्धलिंगप्पा, म्हणजे नागव्वांचे यजमान, घरी आले ते तोंड पाडूनच. दुकानासमोरच्या रिक्षावाल्याचा रस्ता चुकला होता आणि बापाच्या वळणाचा उद्धार त्यांनी स्वतःच्या गल्ल्यावर बसून ऐकला होता. "त्यो रिक्षावाला मला विचारतोय, मालक, ह्या बाईचा नवरा कोण आसल हो? मी म्हणलं, कोण की बाबा, आसल एखादा गरीब."

आठ वाजायच्या आत होटगीहून फोन आला. नागव्वांची नणंद महादेवी रडत होती आणि ओरडतही होती. होटगीच्या रेल्वे फाटकाजवळ आलेली प्रत्येक गाडी एकच वाक्य ऐकत होती: "होटगीचं फाटक आन् आमची नणंद, एकदा लागलं की अर्धा तास सुटका न्हाय." नागव्वांनी फोन कानापासून लांब धरला. अर्धा तास सुटका झाली नाही.

संगमेशला आता युक्ती कळली होती. सखीनं आईचा नुसता आवाज उचलला नव्हता, वाक्यंच्या वाक्यं उचलली होती. रस्ता चुकला की आई चुकीबद्दल जे बोलली असेल ते. गर्दी आली की उशिराबद्दल जे बोलली असेल ते. आणि गावाचं नाव आलं की त्या गावाबद्दल आई वर्षभरात जे काही बोलली असेल ते.

"अव्वा," त्यानं सावकाश विचारलं, "वळसंगबद्दल तू काय बोललीयस?"

नागव्वा खाली बसल्या.

प्रश्न महत्त्वाचा होता. येत्या रविवारी वळसंगचे महादेवप्पा आपल्या बायकोला आणि मुलाला, शिवराजला, घेऊन अंकिताला बघायला येणार होते. अंकिता ही संगमेशची धाकटी बहीण. बघायला म्हणजे नावालाच, दोघांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. मोठ्यांनी चहा प्यायचा आणि तारीख धरायची एवढंच उरलं होतं.

"आठवत न्हाय," नागव्वा म्हणाल्या. पण त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं होतं, आणि ते लक्षण घरातले सगळे ओळखून होते.

दुसऱ्या दिवशी संगमेशनं कंपनीला फोन लावला. बटणं दाबून दाबून बोट दुखल्यावर एक मुलगी भेटली. ती कुठल्या देशातून बोलत होती ते तिला सांगता येत नव्हतं. कंपनी दुसऱ्याच देशातली होती आणि आईचा आवाज ठेवला होता तो तिसऱ्या देशात. तिथून तो काढायला कोणाला सांगायचं, हे विचारल्यावर तिनं वाचून दाखवलं की सेवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारानुसार माहिती सीमेपलीकडे नेण्याचा कंपनीला हक्क आहे, ती इथेच ठेवा असं कोणी म्हणू शकत नाही, आणि आवाज तयार करणारा प्रोग्राम उघडून दाखवायला कंपनी बांधील नाही. मग तिनं त्याचा दिवस शुभ जावो म्हटलं.

संगमेश फॅक्टरीत डिस्पॅचला होता. परदेशी जाणाऱ्या टॉवेलांच्या प्रत्येक खोक्यामागे त्याला ढीगभर कागद करावे लागत. एका खोक्याचं वजन किंचित जास्त भरलं म्हणून बंदरावर माल अडकलेला त्यानं पाहिला होता. आणि त्याची अख्खी आई, एक सही न होता, तीन देश हिंडून रिक्षा स्टँडवर परत आली होती.

त्याचा कॉलेजचा मित्र शिवशरण वकील होता. संगमेश आईला घेऊन त्याच्याकडे गेला. नागव्वांना बघून तो आधी उठून उभा राहिला, मग न राहवून म्हणाला, "काकू, मी पण तुमचाच आवाज लावलाय हो. कोर्टात वेळेवर पोचतोय."

"काढ आधी त्यो," नागव्वा म्हणाल्या. "आन् मला सांग, माझा आवाज त्यांनी चोरला का न्हाय?"

"चोरला म्हणता येईल का ते बघावं लागेल. डबा चालू करताना संगमेशनं 'मान्य आहे' दाबलं असणार."

दोघांनी संगमेशकडे बघितलं. त्यानं दाबलं होतं. न दाबता डबा चालूच होत नव्हता.

"त्यांच्या हिशेबानं तुमचा आवाज म्हणजे कच्चा माल," शिवशरण म्हणाला. "तिकडं गेला, पक्का झाला आणि सेवा म्हणून परत आला. कापूस, टॉवेल असता तर कस्टमवाल्यानं खोकं उघडून बघितलं असतं. सेवेला खोकंच नसतं. कंपनी म्हणते आम्हाला कराराचं संरक्षण आहे. आता असली कलमं करारात घालावीत का नको, आपल्याला ती लागू होतात का नाही, यावर जगभर मोठमोठी माणसं भांडतायत. आपण इथल्या कायद्यानं नोटीस पाठवू. उत्तर यायला वेळ लागेल."

"किती?"

"अंकिताची पोरं शाळेत जायच्या आत यावं."

"आरं, पण पोरं व्हायला आधी लगीन तर होऊ दे!" नागव्वा कळवळून म्हणाल्या. "रविवारी वळसंगची माणसं मोटारीतनं यायला लागलीत."

त्या दिवसापासून नागव्वांनी घरात बोलणं जवळजवळ बंद केलं. सखीची वायर काढून तिला पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं, तरी त्यांचा विश्वास नव्हता. मीठ हवं असलं तर त्या बरणीकडे बोट दाखवत. महेश्वरीला सुरुवातीला बरं वाटलं. मग ती घाबरली. भाजी तिखट झाली तरी सासू काही बोलत नाही, म्हणजे मनात काय चाललं असेल?

रविवारी गाडी दाराशी थांबली. महादेवप्पा उतरले ते ओठ आवळून. त्यांच्या पत्नी गौरव्वा उतरल्या त्या कोणाकडेही न बघता. शिवराज सर्वांत शेवटी उतरला आणि त्यानं अंकिताकडे असं बघितलं की ती दारातच थिजली.

महेश्वरीनं पाण्याचा तांब्या आणि फुलपात्रं पुढे केली. महादेवप्पांनी हात लावला नाही.

"पाणी नको," ते म्हणाले. "आमी घरनं पिऊन आलोय. वळसंगची माणसं हाय न्हवं आमी. तितं फुलपात्रं मोजून भरत्यात म्हणं. गाडी सुरू केल्या केल्या ऐकलं."

नकाशा नागव्वांच्या आवाजात बोलतो हे वळसंगला कळलंच नसेल, अशी सिद्धलिंगप्पांना अजून अंधुक आशा होती. ती गेली.

संगमेश पुढे झाला. "मामा, ते मशीन हाय. आवाज अव्वासारखा हाय खरं, पण वाक्यं मशीनच जुळवतंय. कुटलं बी कुटं बी चिकटवतंय. अव्वा असं कवा म्हणलीच न्हाय."

हे इतकं सहज आणि चांगलं जमलं की महादेवप्पांचा चेहरा लगेच सैल पडला. त्यांनी फुलपात्राकडे हातसुद्धा नेला. प्रकरण तिथंच मिटलं असतं.

"न्हाय," नागव्वा म्हणाल्या. "मीच म्हणलंय."

"अव्वा!" अंकिता किंचाळली.

"आगं, तुला त्या घरात जन्म काढायचाय. पहिल्याच दिवशी खोटं कशाला?" नागव्वा महादेवप्पांकडे वळल्या. "गेल्या उन्हाळ्यात तुमच्या चुलत्याच्या वास्तुशांतीला आल्ते. जीव तहानेनं कासावीस झाल्ता. पाणी मागितलं तर अर्धं फुलपात्र दिलं. परत मागितलं, परत अर्धंच. घरी येऊन ओट्याशी बोलले. माणसाला ऐकवायचं असतं तर तोंडावर म्हणले असते. डबड्यापुढं बोलले ते गावापुढं जाईल, हे माझ्या सपनात बी न्हवतं."

महादेवप्पा बायकोकडे बघायला लागले. कारण गौरव्वा विचित्र आवाज काढत होत्या. आधी वाटलं ठसका लागला. मग कळलं की त्या हसू दाबत होत्या आणि ते दाबलं जात नव्हतं.

"ते अर्धं फुलपात्र मीच दिल्तं!" त्या म्हणाल्या. "टँकर आलाच न्हवता हो त्या दिवशी. पंगत बसलेली, मांडव भरलेला, आन् माझ्याकडं शेवटची एक घागर. मी नुसती शिवशिव म्हणत अर्धं अर्धं वाढत होते. ह्यांना सुदिक सांगितलं न्हवतं. मला वाटलं, निभावलं, कुणाला कळलं न्हाय."

"मला बी न्हाय सांगितलंस?" महादेवप्पा थक्क होऊन म्हणाले.

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी माईकवरनं सांगितलं असतं."

मग पाणी प्यायलं गेलं, काठोकाठ भरून. चहा झाला, तारीख धरली. गौरव्वा नागव्वांच्या जवळ सरकून म्हणाल्या, "पोरीबरोबर काय बी देऊ नका बाई. त्यो डबा तर मुळीच देऊ नका."

एवढं सगळं गोड झालेलं असताना संगमेशच्या मोबाइलवर कंपनीचा निरोप आला. तक्रारीचा विचार केला जाईल, मात्र आवाज आपलाच आहे हे सिद्ध करण्यासाठी सखीसमोर बोलून विनंती करावी. संगमेशनं माळ्यावरून पोतं काढलं. सखी टेबलाच्या मध्यभागी आली आणि दोन्हीकडची माणसं तिच्याभोवती बसली.

नागव्वांनी पदर सारखा केला. "नमस्कार," त्या शाळेतल्या बाईंसमोर बोलावं तसं बोलल्या. "माझा आवाज कृपा करून काढून टाका."

सखीचा दिवा गोल गोल फिरला. "आपला आवाज 'सोलापुरी आई' या आमच्या सेवेशी जुळत आहे," ती गोडपणे म्हणाली. "आमच्या सेवेची नक्कल करणे नियमात बसत नाही. आपली विनंती नाकारण्यात आली आहे."

क्षणभर कोणालाच अर्थ लागला नाही. मग नागव्वांना लागला.

"नक्कल? मी नक्कल? आगं ए सटवे! माझ्या घरात ऱ्हातीस, माझी वीज खातीस, माझा आवाज गावभर इकतीस, आन् मलाच नकली म्हणतीस? कुटल्या देशाचा करार दावतीस मला? त्या कराराची चूल पेटवीन आन् तुझ्या मालकाला त्यावर भाजून काढीन! चोरांची अवलाद सगळी! चालतं व्हा हितनं!"

खिडकीची काच थरथरली. शिवराजनं नकळत हात जोडले होते.

"धन्यवाद," सखी म्हणाली. "आपले बोलणे आमची सेवा सुधारण्यासाठी वापरले जाईल."

आणि ते वापरलं गेलं. चार-पाच दिवसांत सोलापुरातल्या नकाशांवर नवी सुधारणा आली. कोणीही गाडी सुरू केली की सर्वांत आधी नागव्वांचं ते भाषण व्हायचं, चोरांच्या अवलादीपर्यंत, आणि त्याच दमात, "पुढच्या चौकातनं डावीकडं." स्टँडवरचे रिक्षावाले दोन भाड्यांच्या मध्ये उगाच गाडी बंद करून पुन्हा सुरू करू लागले. लोक मोबाइल वर धरून एकमेकांना ऐकवू लागले. कंपनी चोर आहे, हे कंपनीच्याच खर्चानं कंपनी सगळ्या शहराला सांगत होती.

मग पहिल्यांदाच कंपनीतून जिवंत माणूस आला. पुण्याच्या शाखेतला अधिकारी होता, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. त्यानं मिठाईचा पुडा टेबलावर ठेवला आणि नागव्वांना वाकून नमस्कार केला.

"काकू, ते वाक्य आम्हाला काढायचंय हो. पण आमच्या हातात नाही. तो प्रोग्राम उघडायची परवानगी इथल्या शाखेलाच नाही. तिकडं विचारलं तर ते करारावर बोट ठेवतात."

"मग मालकाला सांगा की," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

"सांगितलं. तर तिथंही सखीच फोन उचलते." तो रडकुंडीला आला होता. "एकच उपाय आहे. काकूंनी डब्यासमोर बसून दोन दिवस गोड गोड बोलावं. भरपूर. म्हणजे आधीचं मागं पडेल. काहीही बोला काकू. हवापाण्याचं बोला."

त्यानं सखीची वायर स्वतः लावली आणि डबा नागव्वांपुढे सरकवला. दिवा लागला. सगळे नागव्वांकडे बघू लागले. नागव्वा त्या माणसाकडे बघत होत्या.

त्यांनी ओठ मिटून घेतले आणि हाताची घडी घातली.

"काकू, एक वाक्य."

त्यानं आईची शपथ घातली, नोकरीचं सांगितलं, घरच्या लहान मुलीचा फोटो दाखवला. फोटो बघून नागव्वांनी त्याला खुणेनं चहा द्यायला लावला, दोन बिस्किटं जास्त द्यायला लावली, पण तोंडातून शब्द काढला नाही. महेश्वरीनं आतून बरणी आणायच्या निमित्तानं तीन चकरा मारल्या. सासू इतका वेळ गप्प बसलेली तिला चुकवायची नव्हती.

शेवटी तो माणूस उठला. बाहेर त्याची गाडी उभी होती. ड्रायव्हरनं स्टेशनचा रस्ता लावला मात्र, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याचा मोबाइल गरजला, "आगं ए सटवे! माझ्या घरात ऱ्हातीस, माझी वीज खातीस..."

तो माणूस गाडीचं दार उघडं टाकून रस्त्यावर उतरला आणि फोन कानाला लावून ओरडू लागला. "वाक्य नाही हो, आवाजच काढा! सगळाच्या सगळा! आज, आत्ता! माझ्या जबाबदारीवर काढा!" त्याच्यामागे गाडीतून नागव्वा त्याला चालतं व्हायला सांगत होत्या.

नागव्वा खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं. मग आत वळून त्यांनी सखीची वायर खसकन ओढली, दिवा विझल्याची खात्री करून घेतली, आणि सुनेच्या कानाशी लागून म्हणाल्या,

"बाई तोंडाची लई फटकळ हाय. पण बोलती ते खरं."